कोलेस्टेरॉलच्या गोळीशेजारी काय ठेवलंय, ते आज बघा

तुमच्या घरात कोलेस्टेरॉलची गोळी घेणारं कुणीतरी असेलच. आई असेल, सासरे असतील, नाहीतर तुम्ही स्वतः. रात्री जेवणं झाली की एक छोटीशी गोळी आणि घोटभर पाणी. अटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन असं काहीतरी तिचं नाव, म्हणजे स्टॅटिन गटातली. ती गोळी घेत राहा. स्वतःच्या मनानं एक दिवसही चुकवू नका. माझी विनंती आहे ती तिच्याशेजारी हळूहळू गोळा झालेल्या बाकीच्या बाटल्यांबद्दल. आणि विनंती तातडीची आहे.

उठा आणि तो डबा उघडा. आत्ता. मिठाईचा रिकामा खोका असेल, स्टीलचा डबा असेल, फ्रिजवरची टोपली असेल. आत काय दिसतं? कात्रीनं कापलेली स्ट्रिप, जिच्यावर औषधाचं अर्धंच नाव उरलंय आणि तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलीये. ड जीवनसत्त्वाची पाकिटं. लेकीनं अमेरिकेहून पाठवलेली फिश ऑइलची भलीमोठी बरणी. केस गळतात म्हणून सुनेनं आणलेल्या गोळ्या, ज्यातली एक हल्ली सासूबाईही घेतात. करोनाच्या काळात सुरू केलेली आणि पुढे कुणी बंदच न केलेली गुळवेलीची गोळी. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून मागवलेल्या हळदीच्या कॅप्सूल. इसबगोल. अ‍ॅसिडिटीची गुलाबी बाटली.

आता डॉक्टरांचा कागद काढा आणि जुळवून बघा. यातल्या किती गोष्टी त्या कागदावर आहेत?

डॉक्टर विचारतात, 'आणखी काही औषध चालू आहे का?' आणि तुम्ही सांगता, 'नाही.' तुम्ही खोटं बोलत नाही. व्हिटॅमिन हे औषध आहे, हे मनातच येत नाही. बाटलीवर हिरवी पानं असतात. ती चिठ्ठीशिवाय मिळते. कुणीतरी मायेनं दिलेली असते. शिवाय डॉक्टर रागावतील ही थोडी धास्तीही असते. रागावू देत. पण सांगा. डॉक्टरांना माहीतच नसेल, तर ते तुम्हाला वाचवणार कशापासून?

सगळ्यात आधी एक बाटली शोधा. तिच्यावर 'रेड यीस्ट राइस' असं लिहिलेलं असेल. लाल बुरशी वाढवून आंबवलेला हा तांदूळ 'कोलेस्टेरॉलवरचा नैसर्गिक उपाय' म्हणून विकला जातो. परदेशातून येणाऱ्या बॅगांतून तो येतो, ऑनलाइनही मिळतो. त्यात मोनॅकोलिन-के नावाचं द्रव्य असतं. हे द्रव्य आणि लोव्हास्टॅटिन नावाचं औषध, दोन्ही एकच. रासायनिकदृष्ट्या काडीचाही फरक नाही. म्हणजे रात्री डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन आणि सकाळी बाटलीतली दुसरी स्टॅटिन. तीही किती मिलिग्रॅम, याचा पत्ता नसताना. स्नायूंना आणि यकृताला हा दुहेरी मारा होतो. युरोपीय संघानं २०२२ मध्ये अशा उत्पादनांतलं मोनॅकोलिनचं रोजचं प्रमाण ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवायला लावलं, ते उगाच नाही. आणि २०२४ च्या मार्चमध्ये जपानमध्ये काय झालं, तेही ऐका. याच लाल तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडू लागली. गोळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. उत्पादनात दुसरीच एक बुरशी शिरली होती आणि तिनं विषारी द्रव्य तयार केलं होतं.

'पण नैसर्गिक आहे ना?' असं तुम्ही म्हणाल. मग हेही ऐका. स्टॅटिनसुद्धा बुरशीतूनच आलं. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या, तेव्हा कुठे एकीत कोलेस्टेरॉल रोखणारं पहिलं द्रव्य सापडलं. नैसर्गिक तर तेही होतं. पण त्यानंतर वर्षानुवर्षं मोजमाप झालं, चाचण्या झाल्या, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिन गोळीला परवानगी मिळाली. तुमच्या बाटलीचं असं मोजमाप कुणी केलंय? बाटली उलटी करा. चष्मा लावा. बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापावंच लागतं. औषध म्हणून वापरू नका, असं बाटली स्वतःच सांगते आहे. तिचं तरी ऐका.

आणि कृपा करून एक गोष्ट करू नका. व्हिटॅमिन सुरू केलं म्हणून स्टॅटिन सोडू नका. हे घराघरांत चाललंय. 'आयुष्यभर गोळ्या कशाला खायच्या, त्यापेक्षा लसूण-हळद बरी,' असं कुणीतरी लग्नात जेवताना सांगतं, आणि पुढच्या महिन्यात स्ट्रिप आणली जात नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकनं नेमकं हेच तपासलं. निकाल २०२२ मध्ये आला. एका गटाला रोसुव्हास्टॅटिनचा अगदी छोटा, ५ मिलिग्रॅमचा डोस दिला. बाकीच्या गटांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल तांदूळ यांतलं एकेक, आणि एका गटाला नकली गोळी. २८ दिवसांत स्टॅटिनवाल्यांचं खराब कोलेस्टेरॉल जवळपास ३८ टक्के उतरलं. बाकीच्या सहापैकी एकानंही नकली गोळीपेक्षा ठळक फरक दाखवला नाही. लसणाच्या गटात तर ते थोडं वाढलंच.

त्याआधी २००२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. २० हजारांहून जास्त माणसं, पाच वर्षं. क, ई आणि बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी हृदयविकार रोखला नाही, पक्षाघात रोखला नाही. त्याच अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हे झटके सुमारे एक-चतुर्थांशानं कमी झाले. तुमच्या वडिलांना आधीच स्टेंट बसला असेल, तर या दोन ओळी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. बंद केलेली स्ट्रिप आजच पुन्हा आणा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा की मध्ये इतके दिवस खंड पडला.

आता यकृताकडे या. भाजीतली हळद, वरणातली फोडणी, ताटातली लसणाची चटणी, यांना कुणी काही म्हणत नाही. खुशाल खा. पण कॅप्सूलमधली हळद म्हणजे फोडणीतली चिमूट नव्हे. तिच्यात अर्क दाटून भरलेला असतो. तो अंगाला जास्त लागावा म्हणून वर मिऱ्यांचा अर्कही घातलेला असतो. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी २०२२ मध्ये हळदीच्या अशा गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची माहिती मांडली. त्यातला एक दगावला. ग्रीन टीचा कप वेगळा आणि वजन उतरवायला घेतलेला ग्रीन टीचा अर्क वेगळा. त्या अर्कानंही यकृत दुखावल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीचं तर आपल्याच दाराशी घडलं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञांना लढू द्या. तुम्ही मात्र कारण नसताना, कुणाला न विचारता, वर्षानुवर्षं ती गोळी गिळत बसू नका.

यात आणखी एक अनर्थ आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे वाढलेले दिसतात. डॉक्टरांच्या कागदावर संशयित एकच, स्टॅटिन. मग ते स्टॅटिन बंद करतात. खरा गुन्हेगार डब्यात तसाच राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि इकडे हृदयाचं संरक्षण गेलं. म्हणून रक्त तपासायला जाण्याआधी सगळं सांगा. हळदीची कॅप्सूल सांगा. काढा सांगा. जिममधल्या पोराची पावडर वडीलही घेत असतील, तर तीही सांगा. वैद्यांकडून औषध चालू असेल, तर डॉक्टरांना वैद्यांचं सांगा आणि वैद्यांना डॉक्टरांचं.

पाय दुखतात म्हणून गोळीवर खापर फोडण्याआधीही थांबा. लंडनमध्ये त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना आळीपाळीनं एक महिना खरी गोळी, एक महिना नकली गोळी आणि एक महिना काहीच नाही, असं वर्षभर दिलं. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग नकली गोळीवरही झाला. दुखणं खोटं नव्हतं. पण त्याचं कारण बहुतेक वेळा गोळीत नव्हतं. तुमचंही तपासून घ्या. स्वतःच निकाल देऊ नका. दुखण्यावर म्हणून को-एन्झाइम क्यू-टेनच्या महागड्या बाटल्या आणायची घाई करू नका. तिचा पुरावा कच्चा आहे, आणि वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती त्या गोळीचा जोर कमी करू शकते.

एक फळही सांगते. ग्रेपफ्रूट. न्यू जर्सीला किंवा टोरांटोला मुलाकडे राहायला गेलात की सकाळी टेबलावर त्याचा रस असतो. आपल्या आतड्यात एक जकात नाका आहे असं समजा. काही गोळ्यांचा बराचसा माल तो तिथेच उतरवून घेतो, आणि डॉक्टर डोस ठरवतात तो ही जकात गृहीत धरूनच. ग्रेपफ्रूटमधली द्रव्यं हा नाका बंद पाडतात. सगळा माल आत जातो. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण यानं खूप वाढतं, अटॉर्व्हास्टॅटिनचंही वाढतं. रोसुव्हास्टॅटिनला हा नाका लागत नाही. 'सकाळी रस पिते, रात्री गोळी घेते' यानं काम भागत नाही, कारण नाका एक दिवसाहून जास्त बंद राहतो. कोकणातल्यांनी लक्ष द्या. आपलं पपनस म्हणजे ग्रेपफ्रूटचं जन्मदातं फळ. त्यातही तीच द्रव्यं असतात. गणपतीच्या प्रसादातली एक फोड खाल्ल्यानं काही होत नाही. पण परसातल्या झाडाची पपनसं रोज सोलून खात असाल, तर तुमची स्टॅटिन कोणती, हे आधी विचारून घ्या. मोसंबीला घाबरू नका.

आता ती 'हार्टची गोळी' हातात घ्या आणि मागचं पूर्ण नाव वाचा. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असं तिन्ही मिळतं. म्हणजे ती नुसती कोलेस्टेरॉलची गोळी नाही, रक्त पातळ करणारीही आहे. त्यावर फिश ऑइलचे मोठे डोस, ई जीवनसत्त्वाच्या ४०० च्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल, जिंको असं सगळं रचलं, तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठतात. हिरड्यांतून रक्त येतं. शौचाला डांबरासारखं काळं होतं. दात काढायचा असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तर आधीच सांगा. फक्त गोळीचं नाही, बरणीचंही. आणि घाबरून रक्त पातळ करणारी गोळी मात्र परस्पर बंद करू नका. स्टेंट बसलेल्याचा जीव त्या गोळीवर असतो.

थायरॉइडवाल्या बायांनो, हे तुमच्यासाठी आहे आणि हे नीट वाचा. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेता आणि लगेच नाश्त्याबरोबर कॅल्शियमची किंवा लोहाची. कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. ती अंगाला लागत नाही. थायरॉइड मंदावतं. मंदावलेल्या थायरॉइडनं कोलेस्टेरॉल वाढतं. मग स्टॅटिनचा डोस वाढतो. आणि थायरॉइड मंद असताना स्टॅटिननं स्नायू दुखण्याची भीतीही जास्त. एवढं सगळं रामायण कशामुळे? दोन गोळ्यांत अंतर न ठेवल्यामुळे. निदान चार तास ठेवा. आजपासून ठेवा.

केसांच्या गोळ्यांचंही असंच. त्यांत बायोटिन असतं, पुष्कळ गोळ्यांत १० मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या ३०० पटींहून जास्त. बायोटिन कोलेस्टेरॉलच्या गोळीशी भांडत नाही. ते लॅबला फसवतं. थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिन चाचणी करतात, तीही खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये हा इशारा दिला, तो एका रुग्णाच्या अशाच मृत्यूनंतर. तपासणीच्या आधी ही गोळी किती दिवस बंद ठेवायची, ते लॅबमध्ये विचारा.

ड जीवनसत्त्वाचं ६० हजारांचं पाकीट आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायचं असतं, तेही ठरावीक आठवडेच. ते रोज घेणारी माणसं आहेत. गोड लागतं, दूध-पावडरीसारखं वाटतं, मग काय बिघडलं? खूप बिघडतं. मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा ४ हजार एककं. रोज एक पाकीट म्हणजे त्याच्या १५ पट. रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, तहान थांबत नाही, माणूस बरळू लागतो, मूत्रपिंडं बसतात. त्यात स्टॅटिनबरोबर ड जीवनसत्त्व घातलेल्या गोळ्याही मिळतात, हाडांच्या गोळीतही ते असतं. पाकिटावर आजच पेननं वार लिहा. फक्त रविवार. आणि शेवटच्या रविवारची तारीख डॉक्टरांकडून घ्या.

बाकीचं झटपट सांगते. रोसुव्हास्टॅटिन चालू असेल, तर अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध गोळीनंतर दोन तासांनी घ्या. बरोबर घेतलं तर गोळीचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. नायसिनचे, म्हणजे ब-३ चे मोठे डोस स्वतःहून घेऊ नका. स्टॅटिनबरोबर त्यांनी झटके कमी केले नाहीत, उलट स्नायूंचा त्रास, साखर आणि रक्तस्राव वाढवले. गुग्गुळावर आपल्या देशात अभिमानानं संशोधन झालं, पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत त्यानं खराब कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं चढलं. इसबगोल चांगलं आहे, फक्त गोळ्यांच्या वेळी नको.

सगळं फेकून द्या, असं मी म्हणत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ब-१२ खरोखर लागू शकतं. ड जीवनसत्त्व कमी असेल, तर ते भरून काढायलाच हवं. रोजच्या गरजेपुरती साधी मल्टिव्हिटॅमिन सहसा कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या वाटेला जात नाही. कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, ते ज्याला कळतं त्याला ठरवू द्या. त्याच्यापर्यंत ती पोचवणं हे तुमचं काम.

म्हणून एक कापडी पिशवी घ्या. डब्यातलं सगळं तिच्यात भरा. स्ट्रिपा, बरण्या, पाकिटं, चूर्ण, तेल, काढ्याची बाटली. काहीही घरी ठेवू नका, काहीही 'हे काय साधंच आहे' म्हणून वगळू नका. ती पिशवी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि टेबलावर रिकामी करा. डॉक्टरांची वेळ मिळत नसेल, तर ओळखीच्या मेडिकलमध्ये दुपारी गर्दी नसताना जा, फार्मासिस्टला विचारा. यापुढे स्ट्रिप कापून घेऊ नका. नाव आणि तारीख दिसेल अशीच मागा. आणि परदेशातल्या मुलांनो, पुढची बरणी पाठवण्याआधी आईबाबांच्या गोळ्यांचे फोटो मागवा. तुमची माया कळते त्यांना. पण आधी फोटो, मग बरणी.

हे सगळं करण्याआधीच पुढचं काही दिसलं, तर पिशवीची आणि वेळेची वाट पाहू नका. मांड्या, खांदे, पाठ अचानक इतकी दुखते की जिना चढवत नाही. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. डोळे पिवळे दिसतात. उलट्या थांबत नाहीत. शौच काळं होतं. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा तासांचा हिशेब असतो. 'उद्या बघू' म्हणू नका. 'आईला आधीपासूनच गुडघ्यांचा त्रास आहे' म्हणून सोडून देऊ नका. रात्र असली तरी निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. निघताना डबा उचला, फाइल उचला. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कोलेस्टेरॉलची अमुक गोळी चालू आहे आणि तिच्याबरोबर हे, हे आणि हेसुद्धा. माणूस सावरला की १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी फोन करून घडलेला प्रकार नोंदवा. तीच बाटली दुसऱ्या कुणाच्या तरी घरात आज उघडली जात असेल.